जुन्याचा दाखला

टोकियोच्या पश्चिम भागातील कोएन्जी या वस्तीत, रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेस, छपराने झाकलेली एक बाजारगल्ली आहे, आणि ती संपून डोक्यावर पुन्हा आकाश दिसू लागले की तेथून पुढे जुन्या कपड्यांच्या दुकानांचा अंमल सुरू होतो. या शहरी माझा मुकाम पडून पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा अशाच एका दुकानात मी एक राखी रंगाचा लोकरी कोट हाती घेतला, आणि बुधवारी-रविवारी वडिलांच्या मागून पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडताना जी विद्या अंगी बाणली होती तिला अनुसरून त्यातील वैगुण्य हुडकावयास आरंभ केला; बाह्या उलट्या करून पाहिल्या, गुंड्या मोजल्या, कापड उजेडासमोर धरले, आणि दुकानदार नजर चुकवतो आहे की काय, हेही तिरक्या डोळ्याने पाहून घेतले. तो आपला शांतपणे एका सदऱ्याला इस्त्री करीत होता. शेवटी कोटाला अडकवलेल्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरे मी फोनच्या साहाय्याने वाचली: डाव्या बाहीच्या काठाशी पुसट डाग आहे, आतील अस्तर थोडे उसवले आहे, गुंड्यांपैकी एक मूळची नाही. माझ्या दहा मिनिटांच्या तपासाला यांपैकी केवळ डाग सापडला होता. घासाघीस करण्यासाठी लागणारे माझे सारे भांडवल त्या इसमाने आधीच माझ्या स्वाधीन करून टाकले होते, आणि दरही त्याच हिशोबाने आधीच उतरवून ठेवला होता; तेव्हा भांडावे कशावरून, हा प्रश्नच उरला नाही.

जुन्या कपड्याला जपानीत ‘फुरुगी’ म्हणतात. त्या बाजारात, आणि एकंदर या देशाच्या उतरत्या दराच्या व्यापारात, ‘वाके-आरी’ असा एक शब्द पदोपदी भेटतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘कारण आहे’ एवढाच. वाकडी काकडी, कोपरा दबलेला डबा, बाहीवर डाग पडलेला कोट, हे सारे जिन्नस वाके-आरी. म्हणजे स्वस्त का, याला कारण आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. याच्याही खालची पायरी ‘जंकु’. हा इंग्रजीतून घेतलेला शब्द ज्या घड्याळावर किंवा कॅमेऱ्यावर चिकटवलेला असतो, ते चालेल अशी हमी कोणी देत नाही आणि परत घेण्याची मुभाही ठेवीत नाही. घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर न्यावे.

या सचोटीचे सगळे श्रेय जपानी स्वभावाला देण्याची परदेशी लेखकांना फार हौस असते. मला मात्र त्यात कायद्याचाही हात दिसतो. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात, १९४९ साली, येथे जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा झाला. त्यान्वये असा व्यापार करणाऱ्यास पोलिसांमार्फत परवाना घ्यावा लागतो, खरेदीची नोंदवही ठेवावी लागते, आणि वस्तू विकावयास आलेला माणूस कोण आहे याची खातरजमा करावी लागते, कारण चोरीचा माल या वाटेने जिरू नये हाच कायद्याचा मूळ हेतू. मी स्वतः चार पुस्तके आणि एक न लागलेली बुटांची जोडी विकावयास गेले, तेव्हा माझे निवासपत्र तपासण्यात आले आणि नाव, पत्ता, वय, व्यवसाय असा तपशील लिहून घेण्यात आला. शे-दीडशे येनच्या व्यवहारासाठी आपण जणू ठाण्यावर हजर झालो आहोत असे वाटून मी क्षणभर संकोचले. पण समोरच्या मुलीने ती रक्कम दोन्ही हातांनी, तबकात ठेवून, अशा अदबीने पुढे केली की सनद मिळाल्याचा भास व्हावा.

परदेशातून येथे राहावयास आलेल्या माणसाला या बाजाराची ओळख हौसेपेक्षा गरजेपोटी होते. भाड्याचे घर मिळते ते अक्षरशः उघडे. पडदे नाहीत, शेगडी नाही, पुष्कळदा छताला दिवासुद्धा नाही, आणि त्या उघड्या घरासाठी मालकास ‘रेइकिन्’ नावाची, कधीही परत न मिळणारी भेटीची रक्कम द्यावी लागते, असाही रिवाज आहे. नव्या पत्त्यावर आल्यापासून चौदा दिवसांच्या मुदतीत वॉर्डाच्या कचेरीत नोंद करावयाची असते, आणि तेथेच कचऱ्याचे वेळापत्रक हाती पडते. त्या वेळापत्रकात या अर्थव्यवहाराची एक किल्ली आहे: मोठी वस्तू टाकून द्यावयाची तर आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो आणि शुल्काचा कागद विकत आणून तिच्यावर चिकटवावा लागतो. टाकण्यासही पैसे मोजावे लागत असल्यामुळे, परत जाणारा माणूस आपले कपाट येणाऱ्याला आनंदाने फुकट देतो. एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई येथे भारतीय संगणक-अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. तेथे प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे आणि लहान मुलांच्या सायकली अशाच हस्ते-परहस्ते फिरत असतात. माझा पोळपाट तीन बिऱ्हाडे करून माझ्याकडे आलेला आहे, आणि एका बाजूने किंचित झिजलेला असल्यामुळे त्यावरची पोळी नेहमी कर्नाटकाच्या दिशेला सरकते.

जुने वापरणे ही येथे अलीकडची टूम नव्हे. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या उत्तरार्धापर्यंत, शहरातील सामान्य माणूस नवे कापड क्वचितच घेई. कांदा नदीच्या बांधावरील यानागिवारा आणि निहोन्बाशीजवळचे तोमिझावा-चो ही जुन्या कपड्यांची नामांकित ठिकाणे होती. या दुसऱ्या पेठेची आख्यायिका तर अशी, की पकडलेल्या एका दरोडेखोरानेच शिक्षेऐवजी शोगुनच्या सरकाराकडून जुन्या कपड्यांच्या व्यापाराची परवानगी मिळवली आणि चोरांवर नजर ठेवण्याचे काम पत्करले. त्याच्या नावावरून पेठेचे नाव पडले. चोर आणि जुना बाजार यांचा संबंध आपल्या मुंबईलाच ठाऊक होता, असे समजण्याचे कारण नाही.

टोकियोच्या सेतागाया भागात डिसेंबर आणि जानेवारी महिन्यांच्या १५ व १६ या तारखांस ‘बोरो-इची’ भरतो. त्याचे मूळ १५७८ साली होजो उजिमासा या सरदाराने दिलेल्या खुल्या बाजाराच्या हुकमात आहे. बोरो म्हणजे चिंधी, इची म्हणजे बाजार. शेतकरी येथून चिंध्या नेत, त्यांनी कपड्यांना ठिगळे लावीत आणि गवताच्या चपला वळताना त्यांत त्या गुंफीत. ईशान्येकडील आओमोरी प्रांतात तर चिंधी हेच धन होते. त्या थंडीत कापूस पिकत नाही. अंगावर हेंपाचे विरळ कापड, आणि पश्चिमेकडून जहाजांनी येणारे जुने सुती कपडे मिळतील तेवढे घेऊन, थरावर थर देऊन, धावदोऱ्याने शिवून त्याचे अंथरूण-पांघरूण करावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या ठिगळे वाढत गेलेली अशी वस्त्रे तानाका चुझाबुरो या संग्राहकाने आयुष्यभर गोळा केली आणि ती २००९ ते २०१९ या काळात आसाकुसातील एका संग्रहालयात मांडलेली होती. ज्यांनी ती शिवली त्यांना दारिद्र्याची खूण म्हणून त्यांची लाज वाटे. आज त्यांचेच तुकडे कलावस्तू म्हणून मोठ्या किमतीला जातात. त्यांची छायाचित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा मला कलेचा साक्षात्कार वगैरे झाला नाही. मिरजेच्या आजीची गोधडी आठवली आणि तिच्या कडेचा ओला वास आठवला.

याच बोरो-इचीत माझी किमोनोशी गाठ पडली. जानेवारीतील बोचरा वारा, एका दुकानाबाहेर जमिनीवर अंथरलेली चटई, आणि तिच्यावर घडी करून ठेवलेला निव्वळ काळा, जड रेशमी किमोनो. कोठे नक्षी नाही, केवळ पाठीवर, बाह्यांवर आणि छातीवर मिळून पाच लहानशी पांढरी कुलचिन्हे. किंमत दोन हजार येन. दुकानातील वृद्ध बाईंनी माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात काही विचारले. मला त्यातले काही न कळल्यामुळे, जो काय तो एक होकारार्थी जपानी शब्द येत होता, तो मी हसतमुखाने उच्चारला: ‘हाय, हाय.’ बाईंनी मान खाली घातली, किंमत पाचशेंनी उतरवली, आणि आत घालावयाचे एक पांढरे वस्त्र वर फुकट दिले. मी विजयी मुद्रेने घरी आले. शेजारीणबाईंनी तो किमोनो पाहिला आणि फार सावकाश, मला लागू नये अशा बेताने सांगितले, की हा मृत्यूच्या घरी नेसावयाचा पोशाख. तेव्हा दुकानातील बाईंनी बहुधा घरात कोणी गेले का, असेच विचारले असणार. शब्दापुरते पाहिल्यास माझे उत्तर मराठीत चुकले नव्हते.

त्या पांढऱ्या वस्त्राचे नाव ‘जुबान’. पोर्तुगीज खलाशांच्या ‘जिबाँव’ या शब्दापासून ते जपानीत रूढ झाले, आणि त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबी ‘जुब्बा’ या शब्दात आहे, जो दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आला. अशा रीतीने माझ्या आजोबांचा जुब्बा आणि त्या अनोळखी मृताच्या नातलगाचे अंतर्वस्त्र एका कुळातले निघाले.

शेजारीणबाईंनीच पुढे मला किमोनोची रचना समजावून सांगितली, आणि ती मला आजवर पाहिलेल्या शिवणकामात सर्वांत शहाणपणाची वाटते. सुमारे सदतीस सेंटिमीटर रुंदीचा आणि बारा मीटर लांबीचा एक तागा असतो; त्याचे सरळ रेषेतच तुकडे करावयाचे, गळ्याला वा काखेला वक्र काप घ्यावयाचा नाही, आणि जास्तीचे कापड छाटून न टाकता शिवणीत दुमडून ठेवावयाचे. म्हणून सगळे टाके उसवून तुकडे पुन्हा जोडले की ताग्याचा तागा तयार; तो धुऊन, ताणून वाळवण्याच्या क्रियेला ‘आराई-हारी’ म्हणतात, आणि त्यानंतर आईचा किमोनो मुलीच्या मापाने नव्याने शिवता येतो. नेसताना मात्र डावी बाजू उजवीच्या वर यावी लागते. उलट नेसवतात ते फक्त प्रेताला, आणि हा नियमही मी आरशापुढे उभी राहून आधी मोडला, मग शिकले. इतके निगुतीचे वस्त्र आज कवडीमोलाने का विकले जाते, याचे उत्तर सरळ आहे: रोज नेसणारे उरले नाहीत, घरे लहान झाली, आणि आजीच्या कपाटातील ऐवज नातीच्या उंचीला पुरत नाही. पुष्कळ किमोनोंच्या चिठ्ठीवर ‘कच्चा टाका शाबूत’ असे गुण म्हणून लिहिलेले असते. शिंप्याने घडी राहावी म्हणून घातलेला तो पांढरा दोरा पहिल्यांदा नेसताना काढावयाचा असतो. तो शाबूत आहे, म्हणजे ते वस्त्र एकदाही अंगाला लागलेले नाही.

तरुण मंडळींचा ओढा मात्र अमेरिकन जुन्याकडे. युद्धानंतर उएनो येथील आमेयोको बाजारात अमेरिकन लष्कराचा उरलासुरला माल येऊ लागला, आणि पुढे इशिझु केन्सुके यांच्या व्हॅन कंपनीने अमेरिकन विद्यार्थ्यांचा पोशाख जपानी तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवला. तो घालून गिन्झात रेंगाळणाऱ्या पोरांची, १९६४च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, पोलिसांनी धरपकडही केली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ओकायामातील कोजिमा गावी १९६५ साली अमेरिकेहून आणलेल्या कापडाच्या जीन्स शिवल्या गेल्या. आज कोएन्जीतला विशीतला मुलगा लिव्हाइसची विजार उलटी करून आतली किनार तपासतो. जुन्या, धोट्याच्या मागावर विणलेल्या कापडाची ती तांबड्या धाग्याची किनार ‘आकामिमी’, म्हणजे तांबडा कान, या नावाने ओळखतात. खिशावरच्या फितीत कंपनीच्या नावातले ‘ई’ अक्षर मोठ्या वळणाचे असेल तर माल १९७१च्या अलीकडचा नव्हे, हे तो मला न विचारता सांगतो. त्याची विद्वत्ता मला मान्य आहे. विजारीचा दर मात्र, गुडघ्याला भोक असताना, मान्य होत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई नव्वद दिवसांच्या परवानगीवर माझ्याकडे राहून गेली. तिला मी दुकानातून शंभर-दोनशे येनला आणलेले सुती युकाता दाखवले, तेव्हा प्रथम तिने बोहारणीचा हिशोब केला: “अगं, एवढ्या कापडाला बोहारणीने साधं पातेलंसुद्धा दिलं नसतं. फार तर चहाची गाळणी.” मग ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी सुई-दोरा मागू लागली. तिने बरोबर आणलेली, विरून मऊ झालेली स्वतःची दोन पातळे आत, वर निळ्या-पांढऱ्या युकातांचे तुकडे, अशी गोधडी महिनाभर खिडकीशी बसून शिवली. त्यात दोन सुया मोडल्या, त्या तिने सवयीने काड्यापेटीत घालून ठेवल्या.

ती परत गेल्यावर, ८ फेब्रुवारीस, मी ती काड्यापेटी घेऊन आसाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरातील आवाशिमा-दो या देवळात गेले. त्या दिवशी तेथे मोडक्या सुयांचे स्मरण करतात. आपल्या खंडेनवमीला पूजेस लागते ते चालते हत्यार. येथे मान मिळतो तो मोडलेल्या, झिजलेल्या सुयांना, आणि जन्मभर चिवट कापडात घुसावे लागले म्हणून त्यांना अखेर विसावण्यासाठी टोफूची मऊ लादी ठेवलेली असते. माझ्यापुढे किमोनो नेसलेल्या शिवणवर्गाच्या काही बायका होत्या. लादी रंगीत टोकांच्या टाचण्यांनी भरून गेली होती. आईच्या दोन्ही सुया मी कडेला जागा पाहून खुपसल्या आणि रात्री फोनवर तिला सगळा प्रकार सविस्तर सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला.

“टोफू म्हणजे ते पनीरासारखं असतं तेच ना?” ती म्हणाली. “मग एवढ्या सुया टोचल्यावर त्याचं पुढे काय करतात गं?”