गोळी नको, कोंड्यासकट नाचणी

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे बेंगळुरूत नोकरीला गेलेली आपली तरुण मंडळी जिमसोबत ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्याही सुरू करतात, तेव्हा काळजी वाटते.

जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 साली निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. चार आठवडे सगळ्यांनी व्यायाम केला; निम्म्यांना रोज अँटिऑक्सिडंट म्हणून क जीवनसत्त्व 1000 मिलिग्रॅम आणि जोडीला ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये इन्सुलिनचा परिणाम सुधारला, घेणाऱ्यांमध्ये सुधारला नाही! व्यायामात स्नायूंत तयार होणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) शरीराला स्वतःची संरक्षक यंत्रणा वाढवायचा इशारा देतात. गोळ्यांनी बहुधा हे कण निकामी करून तो इशाराच दाबून टाकला.

अन्नातून मिळणाऱ्या अँटिऑक्सिडंटची गोष्ट निराळी. बेंगळुरूच्या खानावळीत मिळणारा रागी मुद्दे घ्या. उकळत्या पाण्यात नाचणीचं पीठ टाकून लाकडी दांड्याने घोटतात, ओल्या हाताने गोळा वळतात आणि पालेभाजीच्या सारात बुडवून खातात. नाचणीतली पॉलिफेनॉल्स मुख्यतः तांबूस सालीत असतात. स्टार्च पचवणाऱ्या विकरांना ती आवर घालतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय तंतू आणि कॅल्शियमही मिळतं. मात्र पीठ अगदी बारीक दळून, चाळून कोंडा काढला की साल जाते आणि रक्तातली साखर भराभर वाढते. दळताना जरा जाडसरच सांगा, आणि गोळा एकच घ्या.