माती राखणारा कारखानदार

गतवर्षी आषाढात उमरेडच्या वाटेने आमच्या गावी जाण्याचा योग आला. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि वाटेतील प्रत्येक ओढा दुथडी भरून चालला होता. गाडीत घरातील मुलेही होती. त्यांतील सर्वांत धाकट्याने खिडकीतून बाहेर पाहत विचारले, “काका, इथले पाणी चहासारखे का हो?” मोठी मंडळी हसली. उत्तर मात्र कोणासच चटकन सुचले नाही. कारण खरे उत्तर हसण्याजोगे नव्हते. तो रंग पाण्याचा नव्हता. कोणाच्या तरी शेताचा वरचा थर त्या पाण्यातून वाहून चालला होता, आणि ते शेत कदाचित आमचेच असावे.

ज्या कुटुंबांत अद्याप थोडीबहुत शेती आहे, पण ती कसण्यास घरचे कोणी उरलेले नाही, अशी कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. सातबाऱ्यावर चार-पाच भावांची नावे असतात. एक नागपुरास, एक पुण्यास, एक परदेशी. जमीन बटाईने किंवा ठोक्याने दिलेली असते. वर्षाकाठी हाती काय आले याचा हिशेब आपण चोख ठेवतो. शेतातून काय गेले याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. म्हणून ज्याने तो हिशेब मांडला, आणि नुसता मांडून न थांबता त्यापायी आयुष्याची तीस वर्षे वेचली, अशा एका महाराष्ट्रीय गृहस्थाची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटते.

प्रथम हानीचे मान पाहू. १९८३ साली दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी अवघ्या देशाचा अंदाज बांधला. त्यानुसार भारतात दरवर्षी ५३३ कोटी टनांहून अधिक माती जागची हालते. म्हणजे हेक्टरी सुमारे १६ टन. एका बैलगाडीत अर्धा टन माती मावते असे धरले, तर दर एकरातून दर पावसाळ्यात तेरा गाड्या भरून माती निघते! यांपैकी शेकडा २९ भाग कायमचा समुद्रास मिळतो, शेकडा १० भाग धरणांच्या पोटात बसून त्यांचे आयुष्य कमी करतो आणि उरलेला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडतो. ही सरासरी झाली. उताराच्या, उघड्या जमिनीची हानी याहून कितीतरी अधिक. उलट, खडकापासून इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. आजोबांनी जोडलेले सोने नातवाने मोडले तर आपण त्यास उधळ्या म्हणतो. मग सहस्र वर्षांची ठेव एका पावसाळ्यात जाऊ देणाऱ्यास काय म्हणावे?

मातीचा अभ्यास करणारी देशाची मुख्य संस्था आमच्या नागपुरातच आहे, हे नागपूरकरांपैकीही पुष्कळांस ठाऊक नसते. १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था अमरावती मार्गावर आहे. देशभरातील जमिनींचे खड्डे खणून, थर तपासून, तिने राज्याराज्यांचे मृदानकाशे तयार केले आणि हवापाणी व माती यांच्या मेळावरून भारताचे २० कृषिप्रदेश पाडून दाखविले. आमच्या शेतकऱ्यांनी हेच काम आपल्या परीने पूर्वीच केले होते. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही नावे जुन्या जमाबंदीच्या कागदांतून आजही वाचावयास मिळतात. काळी खोल व कसदार, मोरंड तिच्याहून हलकी, खरडी उथळ, आणि बरडी म्हणजे टेकाडावरची खडकाळ, अंगावर मांस नसलेली जमीन. यात चिंतेची गोष्ट एवढीच की, हे वर्ग कायमचे नसतात. वरचा थर वाहत गेला म्हणजे मोरंडीची खरडी होते, खरडीची बरडी होते, आणि कागदावर मात्र जुनेच नाव राहते.

हा रोग केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेतील ह्यू बेनेट हा मृदासंधारणाचा आद्य प्रवर्तक समजला जातो. १९०५ साली व्हर्जिनिया प्रांतात पाहणी करीत असता त्याने शेजारीशेजारी असलेल्या दोन जमिनी पाहिल्या. एकीवर रान होते व तिची माती मऊ, ओलसर होती. दुसरी वर्षानुवर्षे नांगरलेली, तिचा पृष्ठभाग कठीण व निस्सत्त्व. मूळची माती दोन्हीकडे एकच! पाण्याच्या पातळ थराबरोबर माती नकळत निघून जाते, हे त्यास त्या दिवशी उमगले. पुढे तीस वर्षे तो सांगत राहिला आणि फारसे कोणी ऐकेना. अखेर १९३५ साली मध्य अमेरिकेतील उघड्या शेतांची धूळ वादळाबरोबर उडत राजधानीच्या आकाशात आली, तेव्हा तेथील विधिमंडळाचे डोळे उघडले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मृदासंधारणाचा कायदा झाला. आपल्याकडेही जुन्या मुंबई इलाख्यात सोलापूर व विजापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालले होते. प्रा. कानिटकरांसारख्या अभ्यासकांनी समपातळी बांध, खोल नांगरट, विरळ पेरणी व वेळेवर कोळपणी यांची एक पद्धतच बसविली. १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदाही झाला. शास्त्र होते, कायदा होता. परंतु बांध घालावयाचा कोणी आणि पुढे राखावयाचा कोणी, हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर शोधणारा मनुष्य शेतकी खात्यातून आला नाही, तो कारखान्यातून आला.

कै. विलासराव साळुंखे हे शिक्षणाने इंजिनिअर. पुण्यात त्यांचा अचूक मोजमापाची साधने बनविणारा कारखाना होता. केसाच्या जाडीहून सूक्ष्म फरक पकडणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. १९७२ चा भयंकर दुष्काळ पडला नसता, तर एक यशस्वी कारखानदार एवढीच त्यांची ओळख कदाचित राहिली असती. त्या दुष्काळात महाराष्ट्रातील सरकारी कामांवर एका वेळी जवळजवळ ५० लक्ष माणसे राबत होती. कै. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेने तेव्हा लक्षावधी जीव वाचविले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्या कामांचे स्वरूप बहुशः खडी फोडण्याचे होते. पुण्यापासून जवळच, पावसाच्या छायेत असलेल्या पुरंदर तालुक्यात विलासराव हे दृश्य पाहण्यास गेले. शेतकरी आपले शेत सोडून रस्त्याच्या कडेस दगड फोडीत बसला आहे, आणि पुढच्या वर्षी पाऊस आला तरी त्याच्या शेतात तो अडविण्यास काही नाही. म्हणजे पुढच्या दुष्काळातही त्याने दगडच फोडावयाचे! हेच हात बांधबंदिस्तीस लागले तर? हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला.

त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. पुरंदरच्या नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि १९७४ साली ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ ही संस्था काढली. मुद्दाम वाईटात वाईट जमीन घेतली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चांगल्या जमिनीवर यश मिळाले असते तर गावकऱ्यांनी ते जमिनीच्या पदरी घातले असते. त्या उतारावर त्यांनी समपातळीत बांध घातले, जेणेकरून धावणारे पाणी चालू लागावे, चालणारे थांबावे आणि थांबलेले मुरावे. पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि विहिरीचे पाणी पुन्हा वरच्या शेतांस उपसून दिले. जेथे पीक येण्यासारखे नव्हते तेथे झाडे व गवत लावले. त्यांच्या पत्नी कल्पनाताई या कार्यात बरोबरीने उभ्या राहिल्या. काही वर्षांत त्या माळावर पिके डोलू लागली आणि जे लोक प्रथम ‘शहाणा साहेब वेडा झाला’ असे समजत होते, तेच बांधावर येऊन चौकशी करू लागले.

येथपर्यंतची कथा उद्योगी मनुष्याची झाली. विलासरावांचे मोठेपण यापुढे आहे. माती राखली म्हणजे पाणी मुरते, आणि पाणी हाती आले म्हणजे भांडण सुरू होते, हा अनुभव गावोगावचा आहे. ज्याची जमीन मोठी, ज्याचे इंजिन मोठे, त्याचेच पाणी. मग ज्याच्या हातांनी बांध घातले तो भूमिहीन मजूर कोरडाच राहतो, आणि पुढच्या वर्षी बांध राखण्यात त्यास काय स्वारस्य असणार? म्हणून विलासरावांनी पाण्याची वाटणी जमिनीवरून न करता माणसांवरून करावयाची असे ठरविले. हीच त्यांची प्रसिद्ध ‘पाणी पंचायत’.

तिचे नियम साधे होते. योजना एकट्यादुकट्यासाठी नव्हे, गटासाठीच. घरात जितकी माणसे, तितक्या अर्ध्या एकरांपुरते पाणी. परंतु एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही, ते पंचायतीकडे परत जाते. भूमिहीनासही वाटा आहे. खर्चाचा शेकडा २० भाग लाभार्थ्यांनी स्वतः द्यावयाचा, कारण फुकटाची किंमत राहत नाही. उसासारखे पाणीपिते पीक घ्यावयाचे नाही. आणि वाटपासाठी गावानेच आपला पाटकरी नेमावयाचा.

या हिशेबाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घरी वीस एकर जमीन व चार माणसे. दुसऱ्या घरी तीन एकर जमीन व पाच माणसे. पहिल्यास दोन एकरांचे पाणी, दुसऱ्यास अडीच एकरांचे! वीस एकरांच्या धन्यास हे प्रथम कसे रुचावे? परंतु विलासरावांचे म्हणणे असे की, पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस या न्यायाचे नवल वाटू नये. आपल्या स्वयंपाकघरात भाकरी कोणी किती मिळविले यावरून वाढली जात नाही. ताटे किती मांडली यावरून वाढली जाते. विलासरावांनी तोच न्याय गावास लावला.

सर्व योजना टिकल्या असे मात्र म्हणता येत नाही. कोठे विजेचे देणे थकले, कोठे कर्ज वेळेवर मिळाले नाही, कोठे उसाचा मोह अनावर झाला आणि पंचायत मोडली. त्यांचे सूत्र राज्याचे सर्वसाधारण धोरणही झाले नाही. २००२ साली विलासराव निवर्तले. तरी त्यांचे बी वाया गेले नाही. राळेगणसिद्धीच्या कामास आरंभी त्यांच्या प्रयोगाचे मार्गदर्शन लाभले होते, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सबंध पाणलोट एकत्र विचारात घ्यावयाचा, ही कल्पना आज महाराष्ट्रात शाळेतील मुलासही परिचित आहे.

आता आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे वळू. पुरंदरची रीत येथे जशीच्या तशी उचलून चालावयाचे नाही. तेथील जमीन उथळ, मुरमाड; पाणी चटकन मुरते. आमची खोल काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पहिला पाऊस घटाघटा पिते, पण एकदा फुगली की तिचे तोंड मिटते. मग वरून पडलेले पाणी आत जात नाही, माती घेऊन धावू लागते. अशा जमिनीत सरळ समपातळी बांध घातले तर त्यांच्याशी पाणी तुंबून पीक सडते व अखेर बांधच फुटतो, असा अनुभव आला आहे. म्हणून येथे बांधास किंचित उतार ठेवून, जास्तीचे पाणी गवताने झाकलेल्या चरातून सावकाश बाहेर काढावे लागते. पेरणी व डवरणी उताराला आडवी करावी, धुऱ्यावर गवत राखावे, ओघळ लहान आहे तोवरच दगडांनी बुजवावी. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही. परंतु प्रत्येकीस धन्याची नजर लागते. बटाईदार एका वर्षाचा असतो. तो पुढील पिढीसाठी धुरा का बांधील? तो जमिनीच्या मालकानेच बांधला पाहिजे.

आमच्याच घरचे सांगतो. वाटणी झाली तेव्हा दोन हिश्शांमधील जुना रुंद धुरा ‘जागा वाया जाते’ म्हणून मोडून टाकण्यात आला. चार तास अधिक पेरता आले, एवढा लाभ झाला. आषाढातील त्या दिवशी आम्ही मुलांस घेऊन तेथे गेलो, तेव्हा त्याच जागी गुडघाभर खोल घळ पडलेली दिसली. ज्या बालकाने चहासारख्या पाण्याचा प्रश्न केला होता, तो त्या घळीत उतरला तेव्हा कमरेपर्यंत दिसेनासा झाला. त्यास उत्तर मिळाले; आम्हांसही मिळाले. दिवाळीत सर्व भाऊ जमले तेव्हा त्या विषयावर प्रथमच बोलणे झाले. यंदा उन्हाळ्यात तो धुरा सर्वांच्या खर्चाने पुन्हा घातला गेला आणि त्यावर गवत लावले आहे.

वाचकहो, आपल्या घराण्याचीही जमीन कोठे असेल तर येत्या पावसाळ्यात एकदा तिकडे जा. पिकाकडे नंतर पाहा. प्रथम शेताच्या खालच्या टोकास उभे राहून बाहेर पडणारे पाणी ओंजळीत घ्या. ते स्वच्छ असेल तर आनंद आहे. गढूळ असेल, तर त्या ओंजळीत आपल्या नातवंडांचे काहीतरी आहे, हे विसरू नका.