वहीचं मागचं पान

आमच्या बचत गटाची मीटिंग दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्याच ओसरीवर भरते. हप्ते गोळा झाले, वहीत आकडे मांडून झाले की चहा आणि मग गप्पा. त्या दिवशी मात्र पापडाचं काम बघणाऱ्या आमच्या वहिनी कोपऱ्यात गप्प बसून होत्या. चहाही नको म्हणाल्या. सगळ्याजणी गेल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, ''ताई, क्यूआर म्हणजे नक्की काय हो?''

मला वाटलं, सहज विचारतायत. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. चार दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. तीस किलो उडदाच्या पापडांची ऑर्डर, तीही पैसे आगाऊ! ''घरात दुसरा फोन आहे ना? त्यावर क्यूआर पाठवतो. तुम्ही तुमच्या फोनने स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा,'' असं तो गोड बोलून म्हणाला. वहिनींनी तसं केलं, आणि 6,400 रुपये आले नाहीत, गेले. ''चुकून उलटे गेले वाटतं, पुन्हा करा, दोन्ही मिळून परत येतील,'' म्हणाला. आणखी 3,000 गेले. डाळ भरायला ठेवलेले पैसे होते ते.

''अहो, पण चार दिवस गप्प का बसलात?''

''घरी काय सांगू? आणि तुम्हाला विचारायची लाज वाटली. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही असं वाटतं.''

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नाचं धड उत्तर मलाही देता आलं नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. भाजीवाल्याकडे, किराणा दुकानात रोज तो काळा-पांढरा चौकोन स्कॅन करते, पण तो आहे काय, हे कधी विचारलंच नव्हतं. रात्री मुलाला समोर बसवून विचारलं.

तर क्यूआर म्हणजे चित्राच्या रूपात लिहिलेली माहिती, बस्स. 1994 साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट ठेवता यावी म्हणून तो निघाला. दुकानातल्या क्यूआरमध्ये पैसे कुणाला द्यायचे, त्याचा पत्ता असतो. म्हणजे दुसऱ्याने पाठवलेला पैशांचा क्यूआर आपण स्कॅन केला, की आपण देणारे आणि तो घेणारा. यूपीआय ही सोय आपल्याकडे 2016 साली आली. तिचा चार किंवा सहा आकडी पिन म्हणजे चेकवरची आपली सही समजा. कुणी आपल्याला पैसे देणार असेल, तर आपण कधी चेकवर सही करतो का? पैसे घ्यायला पिन लागतच नाही. एवढं एक वाक्य वहिनींना ठाऊक असतं, तर डाळ घरात आली असती.

ओटीपी म्हणजे वन टाइम पासवर्ड. एकाच कामापुरती, थोडा वेळच चालणारी किल्ली. ती आपल्या फोनवर येते, याचा अर्थ कुणीतरी आपल्या दारातलं कुलूप उघडू बघतंय. ते आपण स्वतः असलो तर ठीक. फोनवरचा माणूस ती किल्ली मागत असेल, तर तो 'बँकेतून बोलतोय' म्हणाला तरी बँकेतला नव्हे, हे पक्कं.

लिंक हा शब्द आपण दिवसातून दहादा ऐकतो. लिंक म्हणजे इंटरनेटवरच्या एखाद्या पानाकडे नेणारं दार. दारावर पाटी काहीही लावता येते, म्हणून आत जाण्याआधी पत्ता नीट वाचावा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2025 साली 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते ठरवून दिले. नाव आपल्या बँकेचं आणि शेपूट भलतंच असेल, तर परत फिरावं. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं, त्यातल्या शेवटच्या 'एस'चा अर्थ एवढाच, की आपण धाडलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. पाकीट चिकटवलेलं आहे, पण पाकीट घेणारा चोर असू शकतो!

आणि एपीके. ही ॲपची फाईल. एरवी आपण फोनमधल्या प्ले स्टोअरवरून ॲप घेतो. पण 'आज रात्री तुमची वीज तोडणार' किंवा 'लग्नाला यायचं हं' असा मेसेज येतो आणि सोबत अशी फाईल असते. बोट लागलं आणि ॲप बसलं, की ते आपले मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, वाचू शकतं. लग्नपत्रिकेला ॲप कशाला लागतं हो?

बाकीचे शब्द सोपे. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं उघडणारं ॲप. गुगलवर आपण शोधतो ते सर्च इंजिन. गुगल म्हणजेच अख्खं इंटरनेट असं मला बरीच वर्षं वाटत होतं! फक्त बँकेचा किंवा कुठला हेल्पलाइन नंबर असा शोधून लावू नका, तिथे खोटे नंबरही भेटतात. पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेलाच बरा. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवरची आपली जागा. फोटोंचा बॅकअप तिथे चालू असेल, तर फोन हरवला तरी नातवाचं बारसं हरवत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन 1930 नंबर लावला. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीची ही सरकारी हेल्पलाइन. तक्रार लगेच गेली, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे चार दिवस गेलेले. तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आलेले नाहीत. वहिनींच्या घरी मीच जाऊन सांगितलं. त्यांचे यजमान रागावले, मग म्हणाले, ''मला तरी कुठं माहीत होतं?'' डाळीसाठी गटातून उसने दिले.

तेव्हापासून हिशेबाच्या वहीचं मागचं पान शब्दांसाठी ठेवलंय. जिला जो शब्द अडेल, तो तिने मीटिंगला आणायचा. हसायचं मात्र नाही. गेल्या दहा तारखेला वहिनींनीच आणला. ''वेबसाइट उघडली की कुकीज घेता का, म्हणून विचारतात. बिस्किटं फुकट देतात का?'' हसायचं नाही असं ठरलेलं असूनही सगळ्या हसल्या, त्यासुद्धा! मी मुलाकडून कळलेलं सांगितलं. आपण काय बघितलं, काय निवडलं, याची छोटी चिठ्ठी वेबसाइट आपल्याच फोनमध्ये ठेवते. पुढच्या वेळी गेलो की त्यावरून ती आपल्याला ओळखते. सगळ्याला 'हो' म्हणायची सक्ती नसते, नको त्या नाकारता येतात.

''म्हणजे आपल्या वाण्यासारखंच की. कोण कुठलं तेल नेतं, त्याला बरोबर ठाऊक असतं,'' वहिनी म्हणाल्या आणि वही स्वतःकडे ओढून त्यांनी शब्द लिहून घेतला.