मालाचा भार आणि रानाची वाट

धान्याच्या व्यापारात भाव, वजन आणि उधारी यांची चिंता आपण रात्रंदिवस वाहतो. परंतु खरेदी केलेला माल शेतकऱ्याच्या खळ्यावरून पेठेपर्यंत कोणत्या वाटेने व कसा येतो, ही चिंता बहुधा चालकावर सोपवून मोकळे होतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिचे मोल दुसऱ्याने दिले आहे. म्हणूनच यंत्रविद्येचा अभ्यास नसताही हा विषय बांधवांपुढे मांडीत आहे.

१९९८ सालच्या ऑक्टोबरात बैलहोंगलच्या बाजूस काळ्या रानात मी मका खरेदी केला होता. दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस येऊन गेला होता; मात्र ऊन पडल्याने वाट सुकल्यासारखी दिसत होती. ट्रक भरून झाल्यावर वीस पोती उरली. चालक म्हणाला, “सावकार, वाट आतून ओली आहे. राहिलेली पोती उद्या नेऊ.” दुसऱ्या खेपेचे भाडे वाचावे म्हणून मी ती पोती माथ्यावर चढवावयास लावली, आणि दोन हमाल त्यांच्यावर बसले. ओढ्यापाशी वाट एका अंगास कललेली होती. खालच्या बाजूची चाके रुतली आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू आडवी झाली. एक हमाल दूर फेकला गेला म्हणून बचावला. दुसऱ्याचा पाय पोत्यांखाली सापडला व तो पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर जाणत्या चालकांना व कारागिरांना विचारून जे समजून घेतले, ते येथे देतो.

पहिली गोष्ट जमिनीची. काळी माती पाणी पिऊन फुगते व सुकताना आकसून भेगाळते. तिचा वरचा पापुद्रा लवकर वाळतो, पण वीतभर खाली ती लोण्यासारखी मऊ राहते. यास्तव नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. गाडी रानात घालण्यापूर्वी कोणीतरी पायी पुढे जावे व पहारीने वाट टोचून पाहावी. पहार सहज आत जात असेल, तर मोठी गाडी पक्क्या वाटेवरच उभी करून माल लहान खेपांनी तेथवर आणावा. वाटेची कड, नव्याने टाकलेला भराव आणि मोरीचा काठ ही ठिकाणे विशेष दगा देतात; कारण तेथील माती दबलेली नसते, किंवा तिला एका बाजूने आधार नसतो.

दुसरी गोष्ट तोलाची. भरलेल्या गाडीच्या साऱ्या वजनाचा एक मध्य असतो. त्या मध्यातून ओळंबा सोडला, तर तो दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आत पडला पाहिजे. खालच्या चाकाबाहेर गेला की गाडी उलटलीच. हा मध्य जमिनीपासून २ मीटर उंच असेल आणि वाट आडवी १० अंश कलली, तर ओळंबा सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूस सरकतो. मध्य दीड मीटरवर असेल, तर २६ सेंटिमीटरच सरकतो. त्यातच खालचे चाक रुतले, स्प्रिंगा दबल्या व पोती घसरली, म्हणजे कल आणखी वाढतो. माझी वीस पोती शंभर किलोंची, म्हणजे दोन टनांची होती. आणि ती माथ्यावर असल्यामुळे वजनाबरोबर मध्याची उंचीही त्यांनी वाढविली.

म्हणून जड माल तळाशी व दोन्ही बाजूंस सारखा भरावा, पोत्यांचे थर एकमेकांत गुंतवावे आणि दोर आवळून बांधावा. थोडे अंतर गेल्यावर पोती बसतात व दोर सैल होतो. तो थांबून पुन्हा आवळावा. मालावर माणूस कदापि बसवू नये.

तिसरी गोष्ट चालविण्याची. चढ-उतार तिरका न कापता शक्यतो सरळ घ्यावा. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेल्या ब्रेकची पकड जाते. चोर्ला वा अनमोड घाटाने गोव्यास जाणाऱ्या मालासही हाच नियम लागू आहे. चाक रुतल्यास इंजिन जोराने फिरवू नये, कारण चाक आपलाच खड्डा खोल करते. आधी माल उतरवावा, मग चाकापुढची माती काढून फळ्या वा खडी घालावी. ट्रॅक्टरने ओढावयाचे झाल्यास साखळी त्याच्या मागील खालच्या ओढदांड्यासच अडकवावी. ती वर आसाला बांधली, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. ताणलेल्या साखळीच्या आसपास कोणी उभे राहू नये.

कायद्याचेही स्मरण असावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला. हा दोष केवळ चालकाचा नव्हे. तशी गाडी चालवावयास लावणारा व चालवू देणारा हेही त्यात येतात.

परंतु आपणांस याहून जुना कायदा ठाऊक आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैलावर शक्तीबाहेर ओझे घालणे हा श्रावकाच्या व्रतातील दोष होय, हे आपल्या वाडवडिलांना पाठ होते. मोटारीस जीव नाही असे म्हणून आपण तो अतिचार विसरलो. पण तिच्यात बसणारा, तिच्यावर चढणारा आणि तिच्या वाटेने चालणारा, या सर्वांस जीव आहे.

त्या दिवसापासून आमच्या दुकानी एकच नियम आहे: वाटेविषयी व भाराविषयी चालकाचा शब्द अखेरचा. तो “नको” म्हणाला की माल उद्या येतो. उद्या आलेल्या मालाने आमचे दुकान आजवर बुडालेले नाही. बांधवांनी हा नियम आपापल्या पेढीवर लावून पाहावा, एवढीच विनंती.