जाहिरात आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब

आपल्या या कृष्णाकाठाला जाहिरात काही नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना घातला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडविण्याइतकेच तो पटवून देणेही अवघड होते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी. पुढे तिचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदीलही असाच दूरदूरच्या घरांत जाऊन लागला. यांपैकी एक वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, दुसरी साताऱ्यात.

पण छापलेल्या कोणत्या मजकुराने कोणते गिऱ्हाईक आणले, हे कसे ओळखावे? टपालाने माल मागविण्याच्या काळात यावर एक साधी युक्ती होती. एका पत्रातील जाहिरातीत पत्ता देताना 'विभाग अ' लिहावयाचे, दुसऱ्यात 'विभाग ब'. आलेल्या पाकिटावर नजर टाकली की पत्र कोठून आले ते कळे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ च्या आपल्या पुस्तकात सारा भर याच मोजणीवर दिला आहे.

आज मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिरातींचा हिशेब याच युक्तीवर चालतो. पाकिटाऐवजी दुवा, एवढाच फरक. जाहिरातीवर बोट टेकले की आपण ज्या पत्त्यावर जातो, त्या पत्त्याला एक शेपूट जोडलेले असते. जाहिरात कोठे दिसली, कोणत्या मोहिमेतील होती, हे त्यात लिहिलेले असते. या शेपटाला धंद्यात 'यूटीएम' म्हणतात. त्यातील पहिले अक्षर अर्चिन या कंपनीच्या नावाचे. ती कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली. शिवाय संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची एक चिठ्ठी ठेवून जाते. तिच्यामुळे तोच मनुष्य चार दिवसांनी परत आला तरी ओळखू येतो.

येथपर्यंतचे काम यंत्र चोख करते. घोटाळा पुढे होतो. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने प्रत्येकी ५,००० रुपयांच्या दोन जाहिराती दिल्या. पहिलीत 'नमुना मोफत' असे लिहिले, दुसरीत पोत्याचे वजन आणि भाव. पहिलीवरून ८० चौकश्या आल्या, दुसरीवरून ३०. ही चौकशी म्हणजेच जाहिरातवाल्यांच्या भाषेतील 'लीड'. महिनाअखेरच्या अहवालात पहिली जाहिरात स्वस्त दिसणार, कारण तेथे एका चौकशीला सुमारे ६३ रुपये पडले आणि दुसरीत १६७. व्यापारी दुसरी जाहिरात बंद करील. पण वहीत मात्र पहिलीवरून ४ सौदे लागलेले असतील आणि दुसरीवरून ९, तर? एका सौद्याचा खर्च पहिलीत १,२५० आणि दुसरीत सुमारे ५५६. म्हणजे त्याने चालती गाडी मोडून रुतलेली ठेवली!

यात आणखी एक मेख आहे. जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्र आपल्याकडून शिकते. आपण त्याला नुसत्या चौकश्याच कळविल्या, तर फुकट नमुना मागणारेच ते शोधून आणील. सौदा झाल्यावर तो कोणत्या खुणेवरून आला हे उलट कळविले, तर ते घेणाऱ्यांकडे वळते. तशी सोय गूगल आणि मेटा या दोघांकडेही आहे. ही जोडणी मात्र दुकानातच करावी लागते. चौकशीची तारीख, मोबाईल क्रमांक, जाहिरातीची खूण आणि शेवटी 'घेतले' की 'गेले', एवढे रकाने साध्या वहीतही भागतात. गिऱ्हाइकाने क्रमांक दिला तो भाव कळावा म्हणून; तो त्रयस्थाकडे पाठवावयाचा तर त्याची संमती हवी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आपल्याकडे झाला आहे, तो व्यापाऱ्यांनी एकदा समजावून घ्यावा.

आता साताऱ्याकडे येऊ. पुण्यातील एखाद्या बाई रात्री इन्स्टाग्रामवर कंदी पेढ्यांची जाहिरात उघडून पाहतात. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाचे नाव गूगलवर शोधतात, वर जाहिरात दिसते, तीवर टिचकी मारून दोन किलोंची मागणी नोंदवितात. मेटा म्हणते, गिऱ्हाईक आमचे. गूगल म्हणते, आमचे. दोन अहवालांची बेरीज केली तर विक्री दुप्पट! आणि त्याच बाईंनी मागणी न नोंदविता भावाला फोन करून "येताना मोती चौकातून पेढे आण" म्हटले, तर कोणाच्याच खात्यात काही नाही. म्हणून गल्ल्यावर "आमचे नाव कोठे पाहिलेत?" हा प्रश्न विचारणे आम्हाला अजून मोलाचे वाटते. उत्तरे नेहमी बिनचूक नसतात, पण ती विचारणाऱ्याला जाहिरातीची जागा विकावयाची नसते.

ज्याच्याकडून जागा विकत घ्यावयाची त्यानेच यशाचे गुण द्यावयाचे, ही व्यवस्था आम्हाला विलक्षण वाटते. तिच्यावर एक उतारा आहे, तो थोडा धीराचा आहे. मिरज आणि तासगावात चार आठवडे जाहिरात चालू ठेवावी, कऱ्हाड आणि फलटणला तेवढेच दिवस पूर्ण बंद. दिवाळी, लग्नसराई, जत्रा टाळून महिना निवडावा, आणि त्या चारही गावांची आधीच्या चार आठवड्यांची विक्री अगोदरच लिहून ठेवावी. मिरज-तासगावची विक्री कऱ्हाड-फलटणपेक्षा ठळकपणे वाढली, तर ती वाढ जाहिरातीची धरावयास हरकत नाही. चारही गावी सारखीच वाढली, तर गिऱ्हाईक एरवीही येणारच होते. मग अहवालात त्या महिन्याच्या कितीही चौकश्या मांडलेल्या असोत.