बिनमिठाचे करांदे

दिवाळी आटोपली की दासगावहून आईचे करांदे येतात. परसाच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचे, बटाट्यासारखे पण खडबडीत, चवीला कडसर. आई ते कच्चे कधी पाठवत नाही. मीठ घालून उकडते, डब्यात भरते आणि पुण्याकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती देते. एका वर्षी त्यातले दोन न खाता मी प्रयोगशाळेत नेले.

त्याला निमित्त होतं. करांद्याचं शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. पुणे विद्यापीठातल्या डॉ. बी. ए. चोपडे यांच्या गटाने 2012 मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ नॅनोमेडिसिन’मध्ये एक निबंध छापला. याच वेलीच्या कंदाच्या काढ्यातून त्यांनी चांदीचे नॅनोकण बनवले होते, 8 ते 20 नॅनोमीटरचे. बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूवर या कणांच्या जोडीने पिपरॅसिलिन या प्रतिजैविकाचा प्रभाव 3.6 पटीने वाढला. मी प्रयोगशाळेतली साधी साहाय्यक. वाचून आधी भूकच लागली.

कृती स्वयंपाकासारखीच. कंद चिरायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात पाच मिनिटं उकळायचा, गाळायचा आणि तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या स्वच्छ, पाण्यासारख्या द्रावणात घालायचा. मी घातला. क्षणात पांढरा गढूळपणा आला, दूध नासल्यासारखा. पाण्यात मीठ आहे का हे ओळखायची अकरावीतली चाचणी मी नकळत करून बसले होते. मिठातल्या क्लोराइडने चांदी धरली, सिल्व्हर क्लोराइड खाली बसलं, कण बनायला चांदी उरलीच नाही.

घरी फोन केला. “आई, बिनमिठाचे पाठव. कच्चेच.”

“तुला बीपी लागलं की काय?”

कच्चे आले, तेव्हा जमलं. द्रावण आधी फिकट पिवळं, मग मधासारखं, दुपारपर्यंत कोऱ्या चहासारखं झालं. बघायला छान वाटतं, आणि कॉलेजातले बरेच प्रकल्प इथेच, फोटो काढून संपतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे, आणि ते धुण्याचं आहे.

काय धुवायचं ते कळायला आधी आमच्या गावी चला. दासगावच्या जुन्या बंदरावर भरतीचं खारं पाणी सावित्रीतून वर येतं. ओहोटीला तिथल्या दगडांवर पाय ठेवला की सटकतो. त्या बुळबुळीत थरात शेवाळही असतं आणि जिवाणूही. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती साखरेच्या साखळ्यांचा, प्रथिनांचा, डीएनएचा चिकटा सोडतात आणि आत वस्ती करतात. हीच बायोफिल्म. लघवीच्या नळीत, कृत्रिम सांध्यावर, जुन्या जखमेत ती जमली की सुट्या जिवाणूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषधही कधी कधी पुरत नाही. प्रतिजैविक बहुधा एका ठरावीक जागी घाव घालतं. चांदी पेशीचं आवरण फाडते, प्रथिनांतल्या गंधकाला चिकटते, आत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करते. चोपडे यांच्याच गटाने 2014 मध्ये चित्रकापासून चांदीचे, सोन्याचे आणि दोन्हींचे मिश्र कण करून ते बायोफिल्मवर वापरून पाहिले.

हे तपासायला आमच्याकडे 96 खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांत जिवाणू वाढवायचे, काहींत कण घालायचे, 37 अंशांवर एक दिवस ठेवायचं. कडेचे खळगे मी वापरत नाही, तिथलं पाणी उडतं आणि आकडे फसवतात. दुसऱ्या दिवशी प्लेट उपडी करायची आणि तीनदा धुवायची. जोरात धुतली तर बायोफिल्मच निघून जाते, हलकी धुतली तर तरंगणारे जिवाणूही मोजले जातात. तशीच प्लेट दोघींनी धुतली तर दोन उत्तरं येतात, हे मी पाहिलंय. मग क्रिस्टल व्हायोलेट हा रंग, पंधरा मिनिटं. पुन्हा धुणं. जिथे थर होता तिथे जांभळं कडं राहतं. ते अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून रंग किती गडद आहे ते यंत्राने मोजायचं. बोटं दोन दिवस जांभळी.

यात एक खोच आहे, आणि उत्साहात ती विसरली जाते. हा रंग मेलेल्या जिवाणूलाही चढतो आणि जिवंतालाही. खळगा फिका दिसला म्हणजे थर कमी झाला, जिवाणू मेले असं नव्हे. म्हणून थर खरवडून तो पुन्हा जिवाणू वाढवायच्या अगारवर पसरायचा आणि वसाहती मोजायच्या. शिवाय कण सुरुवातीलाच घातले तर थर धरतच नाही. दोन दिवस मुरलेल्या थरावर तीच मात्रा दुबळी पडते.

प्लेटवरून खऱ्या जखमेकडे गेलं की मीठ पुन्हा आडवं येतं. माझ्या काकांना मधुमेह. भातलावणीत पायाला झालेली जखम तीन महिने भरेना, तेव्हा डॉक्टरांनी चांदीचं ड्रेसिंग लावलं. चांदी औषधात नवी नाही. भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन 1968 पासून आहे. पण जखमेतून पाझरणारं पाणी खारट असतं आणि त्यात प्रथिनंही असतात. दोन्ही चांदीला धरतात, त्या नासलेल्या काढ्यासारखंच. काकांची जखम भरली. चांदीने, साखर आटोक्यात आल्याने की रोजच्या धुण्याने, हे मला प्लेटवरून सांगता येणार नाही.

यंदा एक पिशवी आणि एक डबा आला. दोन्हींवर आईच्या अक्षरात चिठ्ठी. डब्यावर ‘तुझे’. पिशवीवर ‘जंतूंचे’.