ज्वालामुखीच्या माथ्यावरचा गारवा

बांडुंग हे नाव मराठी वृत्तपत्रवाचकांच्या कानी ठळकपणे पडले ते १९५५ साली. आशिया आणि आफ्रिका खंडांतील २९ राष्ट्रांचे प्रतिनिधी जावा बेटावरील त्या शहरी एकत्र जमले होते व त्यांत पंडित नेहरू होते. परिषदेची भाषणे सर्वांनी वाचली. परंतु एवढी मोठी परिषद राजधानी जाकार्ता सोडून डोंगरातील या गावी का भरवावी, असा प्रश्न त्या वेळी थोड्यांनाच पडला असेल. त्या शहराचा लौकिक हाच त्याच्या उत्तराचा एक भाग होय. समुद्रकाठच्या दमट उकाड्याने हैराण झालेल्या डच अधिकाऱ्यांनी बांडुंगला आपले विश्रांतिस्थान केले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंची, भोवती चहाचे मळे, आणि उत्तरेस तांकुबान पराहू नावाचा जागता ज्वालामुखी. या नावाचा अर्थ उपडी होडी. त्याने २०१९ च्या जुलैतही आकाशात राख उधळली. डचांना हे ठिकाण इतके मानवले की विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी राजधानीच तेथे हलविण्याचा घाट घातला. काही कचेऱ्या गेल्या, १९२० ते १९२४ या काळात एक भव्य सरकारी इमारतही उभी राहिली. पुढे आर्थिक मंदी आली, मागोमाग महायुद्ध आले, आणि बेत अपुरा राहिला.

जो बेत डचांना पुरा करता आला नाही, तो आपल्या दख्खनमध्ये पाचशे वर्षे आधी पुरा झाला होता. उष्ण सखल भागातून उंच, गार पठारावर, आणि तेही ज्वालामुखीने घडविलेल्या भूमीवर, एक संपूर्ण राजधानी उचलून नेण्यात आली. ती राजधानी म्हणजे बिदर.

१३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले तेव्हा त्याचे मुख्य ठाणे गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे होते. १४२२ मध्ये अहमदशहा गादीवर आला आणि थोड्याच वर्षांत त्याने बिदर ही राजधानी केली. १४३२ च्या सुमारास तेथील किल्ल्याचे काम पुरे झाले. या स्थलांतराची एक कथा सांगतात. सुलतान शिकारीस गेला असता त्याच्या कुत्र्यांनी एका कोल्ह्याचा पाठलाग केला. कोल्हा काही अंतर पळाला आणि मग उलटून कुत्र्यांवरच धावून गेला. ज्या भूमीत कोल्ह्याला असे बळ येते तेथे नगर वसवावे, असे सुलतानाने ठरविले. कथा रंजक आहे. तथापि विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या स्थापनेविषयीही अशाच कथा प्रचलित आहेत, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. खरी कारणे अधिक व्यावहारिक दिसतात. गुलबर्ग्याच्या राजवाड्यात गादीसाठी पुष्कळ रक्त सांडले होते. विजयनगरची सरहद्द तेथून जवळ होती. बिदर हे मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही मुलखांच्या सांध्यावर होते. आणि बिदरची हवा चांगली होती.

या शेवटच्या कारणाची थोडी तपासणी केली पाहिजे. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० फुटांवर आहे, तर बिदर सुमारे २३०० फुटांवर. म्हणजे फरक ८०० फुटांचा. हजार फूट चढल्यावर हवा साधारणपणे दोन अंश सेल्सियसने थंड होते, असा ठोकळ हिशेब आहे. त्या हिशेबाने बिदरला दीड अंशाचाच लाभ मिळावयास हवा. महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवरून येणाऱ्यास बिदरला थंड हवेचे ठिकाण म्हणणे ही थट्टाच वाटेल, आणि मे महिन्यात भर दुपारी बिदरच्या किल्ल्यात उभ्या असलेल्या प्रवाशालाही तसेच वाटेल, कारण पारा तेव्हा तेथेही चाळिशीच्या आसपास असतो. पण मुंबईकरांचे माथेरान बिदरपेक्षा केवळ तीनेकशे फुटांनीच उंच आहे, हेही विसरू नये. शिवाय गारवा ही तुलनेची वस्तू आहे. कर्नाटकातील उन्हाळ्याच्या बातम्यांत कलबुर्गीचे नाव नेहमी अग्रभागी असते आणि हिवाळ्याच्या बातम्यांत बिदरचे. दोन शहरांत अंतर सुमारे ११० किलोमीटरचे.

मग दीड अंशापलीकडचा गारवा येतो कोठून? बिदर शहर पठाराच्या अगदी कडेवर वसले आहे. उत्तरेस व पूर्वेस कडा एकदम उतरतो आणि खाली मांजरा नदीचे खोरे पसरलेले दिसते. खालून येणाऱ्या वाऱ्याला अडविणारे काही नाही. दिवस कलला की पठारावरची जमीन लवकर निवते आणि संध्याकाळ सुखाची होते. पावसाचे पाणी तेथे डबक्यांत साचून राहत नाही, म्हणून हवा कुंद होत नाही. आणि एवढ्या उंचीवर असूनही कड्याच्या कुशीत बारमाही झरे आहेत. पाणी न साचणे आणि झरे असणे या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते शोधण्यासाठी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. बांडुंगजवळ आहे तसा शंकूच्या आकाराचा डोंगर येथे नव्हता. पातळ रस भेगांतून उतू जाऊन दूरवर पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी हजारो फूट आहे. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते आणि बिदर-कलबुर्गीच्या टापूत हे काळे पांघरूण संपत येते. कलबुर्गीच्या दक्षिणेस ते संपून त्याखालचा चुनखडीचा दगड उघडा पडतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांतून जी शहाबादी फरशी पायांखाली असते, ती तेथलीच. काळ्या दगडाची झीज होऊन झालेली काळी माती कलबुर्गीच्या शेतांत आहे. तेथील तुरीची कीर्ती याच मातीने केली.

बिदरला मात्र काळ्या दगडाच्या माथ्यावर तांबडे टोपरे आहे. हा जांभा दगड. कोकणातील वाचकास त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. लाव्ह्याच्या दगडावर युगानुयुगे ऊन आणि पाऊस पडून त्यातील विरघळणारे क्षार वाहून गेले, मागे लोह आणि अॅल्युमिनियम यांची संयुगे उरली, आणि सच्छिद्र, तांबूस असा जांभा तयार झाला. तो नुकताच खणला असता मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा-ऊन लागले की टणक होतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन या प्रवाशाने मलबारात लोकांना या दगडाच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ साली लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरून त्याला इंग्रजी नाव दिले.

या एका गुणाने बिदरचा इतिहास घडविला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. टणक झालेल्या टोपऱ्यामुळे भोवतालचा प्रदेश झिजून गेला तरी पठार उभे राहिले. किल्ल्याचा खंदक खणणाऱ्यांना मऊ दगड मिळाला. एका बाजूस तर त्यांनी मध्ये खडकाच्या दोन भिंती राखून तिहेरी खंदक कोरला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. पठारावर पडलेला पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून खाली झिरपतो. तळाशी चिकण मातीचा थर आणि त्याखाली घट्ट काळा दगड लागला की त्याची खाली जाण्याची वाट बंद होते. मग ते आडवे सरकत कड्याकडे जाते आणि जेथे हे दोन दगड उघड्यावर भेटतात तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. महाबळेश्वरलाही काळ्या दगडावर जांभा आहे आणि तेथील झऱ्यांची घडणही पुष्कळशी याच तऱ्हेची आहे. फरक आहे तो पावसाच्या मानाचा.

बिदरचे प्रसिद्ध झरे पाहावेत म्हणजे हा प्रकार डोळ्यांना दिसतो. पापनाशाचा झरा आहे. गुरू नानक सोळाव्या शतकाच्या आरंभी या भागात आले असता त्यांनी पायाने दगड सरकविला आणि गोडे पाणी वाहू लागले, अशी श्रद्धा असलेला गुरुद्वाऱ्यातील झरा आहे. त्याला झिराच म्हणतात. आणि नरसिंह झिऱ्यात तर भाविक डोंगराच्या पोटातील लांब भुयारातून कमरेइतक्या पाण्यातून चालत देवापर्यंत जातात. डोक्यावर वटवाघळे असतात. तिन्ही ठिकाणी पाणी जांभ्यातून येते.

बहमनी दरबारात इराणातून आलेल्या लोकांचे वजन मोठे होते. १४७२ साली बिदरात भव्य मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान हा त्यांतलाच. इराणच्या कोरड्या मुलखात डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयाराने गावापर्यंत आणण्याची जुनी विद्या आहे. तिला कारेझ म्हणतात. ही विद्या बिदरला आली. प्रथम जेथे पाणी आहे तेथे मूळ विहीर खणावयाची, मग अगदी थोडा उतार राखून जमिनीखालून बोगदा न्यावयाचा, आणि माती वर काढण्यासाठी व हवा खेळण्यासाठी ठराविक अंतरावर उभी विवरे ठेवावयाची. मोट नको, बैल नको. पाणी आपल्या वजनाने चालत येते आणि उन्हाने आटत नाही. शहरालगतच्या नौबाद येथील कारेझ दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे. पठारावरची विवरांची तोंडे एका ओळीत पाहिली म्हणजे खालून वाहणाऱ्या पाण्याचा मार्ग जमिनीवर आखून ठेवल्यासारखा वाटतो. मऊ जांभ्यावाचून हे काम शक्य झाले नसते. उघड्या काळ्या दगडात असा बोगदा नेणे फारच जिकिरीचे.

राज्ये बदलली तसे या कामाचे भान सुटले. विवरे कचऱ्याने व राडारोड्याने भरू लागली. कित्येकांना ती टाकून दिलेल्या विहिरींसारखी वाटली. २०१५ च्या सुमारास नौबादच्या कारेझमधील गाळ उपसून ती पुन्हा मोकळी करण्याचे काम झाले. पुढल्याच उन्हाळ्यात मराठवाड्याबरोबर बिदरनेही दुष्काळ भोगला. पण गाळ काढणे हे अर्धेच काम होय. या पाण्याला नदीचा आधार नाही, हिमाचा नाही. पठारावर पडणारा पाऊस एवढाच त्याचा जमाखर्च. जेथे तो पाऊस मुरतो तेथेच शहर वाढत आहे. पूर्वीची मोकळी तांबडी माळराने फरसबंद होतात, तेव्हा पाणी गटारातून कड्याखाली निघून जाते. बोअरची नळी चिकण मातीचा थर भेदून जाते, तेव्हा शतकानुशतके तोलून धरलेले पाणी खालच्या भेगांत उतरण्याचा संभव असतो. किल्ला, मदरसा, अष्टूरचे घुमट यांची डागडुजी करणारे खाते आहे, आणि दख्खनी सल्तनतींच्या वास्तूंबरोबर बिदरचे नाव २०१४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेले. माळरानाला मात्र कोणी स्मारक समजत नाही. प्रवासी ज्या गारव्यासाठी येतो त्याचा मोठा वाटा त्या माळरानाचा आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यास आता वाट सोपी आहे. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तांबड्या केळ्यांचे कमलापूर मागे टाकून गाडी हुमनाबादकडे येते. माणिक प्रभूंचे माणिकनगर तेथून अगदी जवळ, व मराठी भाविकांचे पाय तेथे वळतातच. खिडकीबाहेर नजर ठेवल्यास काळी शेते जाऊन तांबडी माती केव्हा आली हे समजते, आणि तीच चढ संपल्याची खूण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. किल्ल्यासाठी सकाळ राखावी, रंगीन महालातील लाकडी कोरीव काम व शिंपल्यांचे जडावकाम नीट पाहावे, आणि कड्यावरून मांजरेच्या खोऱ्याकडे पाहण्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवावी.

याच वाटेने एक जुना प्रवासी दरवर्षी वसंतात पायी येतो. राजधानी वर नेणारा अहमदशहा बिदरजवळ अष्टूर येथे विसावला आहे. मुसलमान त्याला वली मानतात, तर अनेक लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचे रूप समजतात. त्याच्या उरुसासाठी कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळ गावचे जंगम आपल्या अनुयायांसह चालत निघतात, उन्हाचा चटका वाढू लागलेला असतो, आणि काही दिवसांनी ते पठार चढून अष्टूरला पोचतात. तेथे त्यांच्याच हातून थडग्यावर फुले वाहिली जातात.